दुसरा बाण आणि शून्य ते दहा

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमचा सेनापती पाँपे पूर्वेकडची मोहीम आटोपून परतत असताना रोड्स बेटावर थांबला. तिथे पॉसिडोनियस नावाचा नामांकित स्टोइक तत्त्वज्ञ राहत असे आणि पाँपेला त्याचे व्याख्यान ऐकायचे होते. पण तत्त्वज्ञ अंथरुणाला खिळलेला. सांध्यांनी त्याचा जीव मेटाकुटीला आणला होता. पाँपेने विचारपूस करून निघायची तयारी केली, तर पॉसिडोनियस त्याला जाऊच देईना. पडल्या पडल्या त्याने व्याख्यान सुरू केले. विषय होता, सदाचाराखेरीज जगात चांगले असे काही नाही. मध्येच कळ आली की तो दुखण्यालाच दटावायचा, की कितीही छळ, तू वाईट आहेस हे मी कबूल करणार नाही. ही हकीकत सिसेरोने नोंदवून ठेवली आहे. तिच्या शेजारीच त्याने हेराक्लियाच्या डायोनिसियसचीही गोष्ट सांगितली आहे. तोही स्टोइकांचाच चेला. मूत्रपिंडाच्या वेदनांनी तो असा काही ओरडू लागला की गुरूची शिकवण त्याने तिथल्या तिथे खोटी ठरवली. सिसेरोचा कल अर्थातच पहिल्याकडे आहे. साठी उलटलेल्या वाचकाला दुसरा जवळचा वाटला तर त्याला दोष देता येणार नाही.

पाली ग्रंथांत तिसराच नमुना भेटतो. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात बुद्धांनी रात्री उशिरापर्यंत उपदेश केला आणि मग आनंदाला सांगितले, पुढचे तू सांग, माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो. पावा गावी असाच प्रसंग आला तेव्हा ती जबाबदारी सारिपुत्तावर टाकली. दुखण्याशी वाद नाही आणि त्याचा गवगवाही नाही. पाठ दुखते, एवढे सांगायचे आणि उजव्या कुशीवर आडवे व्हायचे.

संधिवाताच्या रुग्णांसाठी निघालेली मोबाइल अ‍ॅप्स रोज जो प्रश्न विचारतात तो या तिघांना विचारला असता तर? पडद्यावर एक आडवी रेघ येते, एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा. आज दुखणे किती? पॉसिडोनियसने ठणकत्या बोटाने शून्यावर टिचकी मारली असती, डायोनिसियसने दहावर. बुद्धांनी जो असेल तो आकडा टाकून फोन बाजूला ठेवला असता. तिघांचे आकडे वेगळे, आणि ते केवळ सांधे वेगळे म्हणून नव्हेत. शून्य ते दहाच्या त्या रेघेवर बोट ठेवणारा माणूस दुखण्याची पातळी सांगतो, की दुखण्याशी त्याचे जे नाते आहे ते सांगतो? हा प्रश्न अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या बैठकीत क्वचितच निघत असेल. तो जुन्या दर्शनांच्या पंगतीतला आहे.

दुखण्याचा आवाका मात्र अगदी आजचा आहे. २०२० साली जगात सुमारे ५९ कोटी ५० लाख लोकांना झिजेचा संधिवात होता, म्हणजे दर तेरा-चौदा माणसांमागे एकाला. या दुखण्याची एक खोड डॉक्टरांना चांगली ठाऊक असते. एक्स-रेत गुडघा पार झिजलेला दिसतो आणि माणूस दोन जिने चढून आलेला असतो. दुसऱ्याचा फोटो बरा असतो आणि त्याला रात्रभर डोळ्याला डोळा नसतो. म्हणूनच ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले की पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसात नेहमीची लक्षणे असतील तर निदानासाठी फोटो काढण्याचे सरसकट कारण नाही. विचारा आणि तपासा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मधली आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये लिहिले की दुखते असे जो सांगतो त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

न्यायदर्शनात याची मांडणी आधीच आहे. सुख आणि दुःख हे आत्म्याचे गुण. ज्याचे त्याला ते मनाने प्रत्यक्ष कळतात. इतरांना ते कळायचे तर चेहऱ्यावरून, लंगडण्यावरून अनुमान करायचे, नाहीतर सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती खरी सांगतो अशाचा. आता घरातली म्हातारी स्वतःच्या गुडघ्याबाबत आप्त आहे की नाही? तिला ठाऊक आहे यात शंका नाही. पण ती म्हणते की आभाळ भरून आले की गुडघे बोलायला लागतात. तेही खरे धरायचे का?

या एका वाक्यावर विज्ञानाने म्हातारीला आधी खोटे आणि मग बऱ्याच अंशी खरे ठरवले आहे. १९९६ मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि अ‍ॅमोस ट्वर्स्की यांनी १८ संधिवाताच्या रुग्णांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी हवामानाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. संबंध जवळपास शून्य निघाला. ट्वर्स्की हे माणसाचे मन कुठे कुठे फसते याचा आयुष्यभर शोध घेतलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी निष्कर्ष काढला, की जिथे काही नमुना नसतो तिथेही माणसाला तो दिसतो. पावसात दुखले ते लक्षात राहते, उन्हात दुखले ते विसरते. बरीच वर्षे हा निबंध आजीबाईंच्या समजुतींवरचा शेवटचा शब्द म्हणून दाखवला जाई.

मग २०१६ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील विल डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न मोबाइलवरून विचारायला घेतला. ब्रिटनमधल्या तेरा हजारांहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. अनेकांना संधिवात, बाकीच्यांना दीर्घकाळ दुखणारे दुसरे काही. रोज अ‍ॅपवर पाचपैकी एक पायरी निवडायची, अजिबात नाही इथपासून अतिशय तीव्र इथपर्यंत. फोन आपण कुठे आहोत ते सांगणार आणि जवळच्या हवामान केंद्रावरून त्या दिवसाची हवा कळणार. ज्यांच्या नोंदी पुरेशा नियमित होत्या अशा २,६५८ जणांचे दिवस एकमेकांशी ताडले. त्यातही प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच त्या महिन्यातल्या इतर दिवसांशी. २०१९ मध्ये निष्कर्ष आला : दमट, वाऱ्याच्या आणि हवेचा दाब कमी असलेल्या दिवशी जास्त दुखण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी वाढते. मन उदास असणे किंवा घराबाहेर न पडणे एवढ्याने हा फरक उलगडत नव्हता. २० टक्के ऐकायला भरभक्कम वाटते, पण एरवी शंभरात पाच दिवस वाईट जात असतील तर अशा हवेत सहा जातील, इतकाच त्याचा अर्थ. म्हातारी बरोबर होती, फक्त तिला वाटत होते तितकी नव्हे.

इथे मोबाइलने जे केले ते आधीच्या कुठल्याही साधनाला जमले नसते. अठरा जणांच्या जागी हजारो साक्षी, आणि साक्ष त्या त्या दिवशीच घेतलेली. आधीच्या शास्त्रज्ञांनी म्हातारीच्या स्मरणशक्तीवर घेतलेला आक्षेप चुकीचा नव्हता. पण त्यावरून तिच्या सांगण्यात तथ्यच नाही असे म्हणणे ही घाई होती.

स्मरणशक्तीवरचा आक्षेप किती रास्त होता ते एका मिश्कील प्रयोगाने दाखवले आहे. आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी दीर्घ दुखण्याच्या ८० रुग्णांपैकी काहींना कागदी वह्या दिल्या, दिवसातून तीनदा ठरलेल्या वेळी दुखणे लिहायला. वहीत प्रकाश ओळखणारा एक छोटा संवेदक लपवला होता; वही उघडली की वेळ टिपली जाई. रुग्णांनी आणून दिलेल्या पानांप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. संवेदकाप्रमाणे ११ टक्के. काही दिवस वही उघडलीच नव्हती आणि त्या दिवसांचीही पाने व्यवस्थित भरलेली. शाळेत परिपाठाची वही सोमवारी सकाळी एकदम भरणाऱ्या कुणालाही हे समजेल. इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळालेल्या गटात ९४ टक्के नोंदी वेळेवर झाल्या. २००२ साली हे छापून आले आणि वेदनेच्या संशोधनातून कागदी वही हद्दपार व्हायला सुरुवात झाली.

पण त्या लपवलेल्या संवेदकाकडे थोडे थांबून पाहावे. रुग्णाच्या शब्दाचा मान राखा असे म्हणणाऱ्या विद्येनेच त्याच्या वहीत पाळत ठेवली होती. आजचा फोन हा तोच संवेदक आहे, फक्त उघड्यावर आणि आपल्याच पैशाने घेतलेला. किती पावले चालली, किती वाजता झोप उडाली, व्यायामाचा व्हिडिओ खरेच पाहिला की नुसता चालू करून ठेवला, सगळे त्याला ठाऊक. ‘आज फार दुखतंय, बाहेर पडलेच नाही’ असे सांगणाऱ्या बाईची चार हजार पावले दिसली तर कोण खोटे? कदाचित कुणीच नाही. चार हजार पावले दुखत दुखत टाकता येतात. अनुमान आणि शब्द यांच्यात भांडण लागले की संशयाचा फायदा शब्दाला द्यावा, निदान वेदनेच्या बाबतीत तरी. आणि तो आकडा विमा कंपनीच्या हाती पडला तर हा फायदा कुणी देईल अशी खात्री बाळगू नये.

नोंद प्रत्यक्षात कशी होते तेही बघण्यासारखे आहे. अंगठ्याच्या बुडाचा सांधा सुजलेल्या हाताला ती बारकी सरकपट्टी धरवत नाही; म्हातारपणी कोरड्या पडलेल्या बोटाला काच दादच देत नाही. मग नातू मदतीला येतो. ‘आजी, आज किती टाकू गं?’ ‘टाक पाच.’ ‘काल पण पाचच होतं.’ ‘मग सहा टाक. नाहीतर डॉक्टर म्हणतील हिला काही होतच नाही.’ या सहामध्ये गुडघा किती आणि डॉक्टर किती, हे कुठल्याही आलेखात दिसायचे नाही. पण ती खोटे बोलत नाही. आपले म्हणणे गांभीर्याने घेतले जावे म्हणून एक पायरी वर चढते, एवढेच. आकडा सांगणे हे बोलणेच आहे, आणि बोलणे समोर कोण आहे ते पाहून होते.

आता दुसरा बाण. संयुत्त निकायात बुद्धांची एक उपमा आहे. अडाणी माणसाला शारीरिक वेदना झाली की तो शोक करतो, कुढतो, म्हणजे एक बाण लागल्यावर त्याला लगेच दुसरा लागतो. जाणत्यालाही पहिला बाण लागतोच; दुसरा लागत नाही. पहिल्या बाणातून सुटका कुणाचीच नाही, हे इथे स्पष्ट आहे. सगळी साधना दुसऱ्यासाठी.

प्रयोगशाळेत हे दोन बाण काही प्रमाणात वेगळे करून मोजताही आले आहेत. २०११ मध्ये फादेल झैदान यांच्या गटाने १५ निरोगी लोकांना चार दिवस रोज वीस मिनिटे श्वासावर लक्ष द्यायला शिकवले आणि पोटरीला ४९ अंशांचा चटका देऊन विचारले, किती तीव्र आणि किती नकोसे? ध्यान करताना तीव्रता ४० टक्क्यांनी आणि नकोसेपणा ५७ टक्क्यांनी कमी सांगितला गेला. निरोगी लोकांच्या पोटरीवरचा घटकाभराचा चटका आणि पंचाहत्तरीतला गुडघा यांत अंतर आहे. गुडघ्याचे दुखणे प्रयोग संपला म्हणून थांबत नाही. तरी दोन प्रश्न वेगळे आहेत एवढे त्यातून दिसते. बहुतेक अ‍ॅप्स एकच विचारतात.

या साधनेचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातले भारतीय वंशाचे व्यापारी. त्यांना असह्य अर्धशिशी होती, त्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले तेव्हा गुरूंनी आधी नकार दिला. डोकेदुखी बरी करायला आला असाल तर धर्माची किंमत कमी करता आहात, असे त्यांचे म्हणणे. चित्तशुद्धीसाठी येत असाल तर या. डोकेदुखी गेली तर ती आपसूक जाईल. १९५५ मध्ये गोएंका बसले, १९६९ मध्ये भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी सुरू झाले. (ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते. देशाचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि दुखण्याचा हिशेब ठेवू नका असे शिकवायचा.) धम्मगिरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायचे असते, जी संवेदना येईल ती पाहायची, आणि चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसण्याचा निश्चय करायचा. गुडघ्यांची खरी परीक्षा तिथेच. वयस्करांना खुर्ची मिळते. फोन मात्र पहिल्या दिवशीच जमा करावा लागतो.

गोएंकांनी इगतपुरीत पाया घातल्यानंतर थोड्याच वर्षांत, १९७९ मध्ये, जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात एक वर्ग काढला. डॉक्टरांनी ज्यांच्यापुढे हात टेकले होते असे दुखणाइत लोक तिथे येत. बौद्ध परंपरेतून शिकलेली साधना त्यांनी धर्माचे नाव न घेता शिकवली. तिथून ती मोबाइलमध्ये आली. ‘हेडस्पेस’ या अ‍ॅपची कंपनी २०१० मध्ये सुरू करणाऱ्यांपैकी अँडी पुडिकोम हे स्वतः काही वर्षे बौद्ध भिक्षू होते.

ऊ बा खिन यांचा आक्षेप इथे पुन्हा उभा राहतो : दुखणे घालवण्यासाठी धर्म वापरावा का? पण रात्री दोन वाजता गुडघ्याने जागी झालेली बाई कानात इअरफोन घालून दहा मिनिटे श्वासाकडे पाहते आणि तिला झोप लागते, यात धर्माचे काही बिघडत नाही. खुद्द नकुलपिता नावाचा जर्जर म्हातारा बुद्धांकडे गेला तेव्हा त्यांनी त्याला आधी चित्तशुद्धीचा अर्ज भरायला लावला नाही. शरीर रोगी असले तरी मन रोगी होऊ नये असा सराव कर, इतकेच सांगितले. बिघाड दुसरीकडे आहे. त्याच अ‍ॅपवर दुसऱ्या दिवशी झेंडा फडकतो, की तुमचे सलग एकवीस दिवस झाले, आता खंड पडू देऊ नका. जी साधना हवेहवेसेपण सैल करायला निघाली तिच्यावर हवेपणाचीच गाठ मारली जाते. खंड पडला की म्हातारीला रुखरुख लागते, आणि ही रुखरुख म्हणजे दुसऱ्या बाणाचे नवे घडवलेले टोक.

रोज दुखणे विचारल्याने ते वाढते का, यावर संशोधकांचे एकमत नाही. कॅनडातले डॉ. रॉबर्ट फेरारी यांच्या छोट्या अभ्यासात कंबर लचकलेल्या ज्या रुग्णांनी रोज दुखणे लिहून ठेवले ते न लिहिणाऱ्यांपेक्षा कमी प्रमाणात बरे झाले. इतर काही अभ्यासांत नोंदीमुळे विशेष फरक पडल्याचे दिसले नाही. दोन्ही शक्य आहे, कारण पाहणे आणि हिशेब ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी एकाच पडद्यावर एकाच बोटाने होतात. पाहणाऱ्याला आत्ता जे आहे तेवढेच दिसते आणि ते बदलतानाही दिसते. हिशेब ठेवणारा कालच्याशी तुलना करतो, उद्याची काळजी करतो. संशोधकाला आणि डॉक्टरला हिशेबच हवा असतो. मँचेस्टरच्या अभ्यासात तो त्यांना मिळाला आणि त्यातून काहीतरी कळले. ज्याचा गुडघा आहे त्याला तो रोज संध्याकाळी हवाच असतो असे नाही. तो आलेख त्याने आठवड्याने, महिन्याने पाहिला तरी चालेल, किंवा पाहिलाच नाही तरीही.

आकड्याला समोर कुणी वाचणारा आहे का, यावरही बरेच ठरते. पंढरीच्या वाटेवर मुक्कामाला टेकलेल्या वारकऱ्यांचे पाय स्वयंसेवक मांडीवर घेतात आणि तेल चोळतात. माउली, कुठं दुखतंय, असे विचारतात आणि अंगठा नेमका तिथेच जातो. विचारण्यापाठोपाठ हात येतो. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ‘जॉइंट अ‍ॅकॅडमी’ या अ‍ॅपमध्ये पलीकडे एक खराखुरा फिजिओथेरपिस्ट असतो; आज जास्त दुखले असे लिहिले तर तो उद्याचा व्यायाम हलका करतो. नॉटिंगहॅममध्ये गुडघेदुखीच्या १०५ रुग्णांवर सहा आठवड्यांची चाचणी झाली, तेव्हा या अ‍ॅपवर रोज व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत शून्य ते दहाच्या मापावर सरासरी दीडने जास्त उतरले. सहा आठवडे हा मोठा काळ नव्हे. तरीही शेवटी जे उपयोगी पडले ते खुर्चीवरून उठणे-बसणे, पाय ताणणे, तोल सांभाळणे, असे जुनेच काही होते. फोनने आठवण केली आणि एका माणसाने लक्ष ठेवले. उलट फुकट मिळणाऱ्या कितीतरी अ‍ॅप्समध्ये आकडा टाकला की तो आलेखात जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. विचारून मग उत्तराकडे न पाहणे घरात कुणी केले तर त्याला उद्धटपणा म्हणतात.

फोन नसतानाही हे विचारणे नीट होऊ शकते, याचा दाखला पुणे जिल्ह्यात भिगवणला आहे. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमात तिथे पाहणी केली. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरोघर पाठवले, काय दुखते, कुठे दुखते, ते विचारले, आणि ज्यांनी हो म्हटले त्यांना डॉक्टरांनी तपासले. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना हाडे-सांधे-स्नायूंचे काही ना काही दुखणे होते, म्हणजे जवळपास पाचात एकाला. त्यातले कितीतरी जण त्याआधी डॉक्टरकडे गेले नसतील, कारण वय झाले की दुखायचेच हे उत्तर घरातच तयार असते.

त्या उत्तरात पॉसिडोनियसचा ताठरपणा नाही आणि बुद्धांचा साधेपणाही नाही; ती नुसती सोडून दिलेली बाजू आहे. अ‍ॅपवाल्यांना करण्यासारखे काही असेल तर ते इथे. दहापैकी किती हा प्रश्न आठवड्यातून एकदा ठेवावा, आणि रोज विचारायचेच असेल तर आज काय जमले ते विचारावे : मांडी घालून बसता आले का, संडासातून हात न टेकता उठता आले का, देवळाच्या पायऱ्या चढलात का. नॉटिंगहॅमच्या चाचणीत दुखण्याच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा होता, तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते. तो मोजायला घड्याळ आणि खुर्ची पुरते. तो नातवालाही दिसतो, डॉक्टरलाही दिसतो, त्यावर कुणाचा वाद होत नाही, आणि पुढच्या महिन्यात तो एकाने वाढवणे आजीच्या बऱ्याच अंशी हातात असते.